मजुरीचा हिशेब आणि बीजगणिताचा उंबरठा

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत कानावर पडणारी मराठी बहुतांशी खानदेशी वळणाची असते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून येऊन स्थिरावलेली कुटुंबे येथे यंत्रमागांवर, कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांत आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या उद्योगात राबतात. अनेक घरांतल्या स्त्रिया साड्यांवर खडे-टिकल्या चिकटवणे, लेस लावणे, सुटे धागे कापणे अशी कामे घरी आणून करतात. या कामांपैकी बऱ्याच कामांचा मोबदला नगावर किंवा मापावर ठरतो. किती मीटर कापड विणले, किती हिरे घासले, किती साड्या पूर्ण झाल्या, यावर आठवड्याची कमाई अवलंबून असते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला हिशेब शिकवावा लागत नाही. तो त्याच्या अंगवळणी पडतो. तेच मूल सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर ‘१५न − ६०’ असे लिहिलेले पाहते आणि थबकते.

सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. या शहरात कामासाठी कोण कोठून आले, हे त्या यादीवरूनच ध्यानात यावे. माध्यम कोणतेही असले तरी हा थबकण्याचा टप्पा सर्वांच्या वाट्याला येतो. तोवर गणितात केवळ संख्या असतात. येथून पुढे अक्षरे येतात. अज्ञात संख्येसाठी अक्षर योजणे, समानतेचा अर्थ जाणणे, ऋण संख्या हाताळणे, एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते हे ओळखणे, या साऱ्याला मिळून बीजगणिताची पूर्वतयारी म्हणता येईल. विज्ञान, वाणिज्य आणि तंत्रशिक्षण यांची वाट याच उंबरठ्यावरून जाते. येथे अडखळलेला विद्यार्थी ‘गणित आपल्याला जमत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. घरचा हिशेब चोख सांभाळणारे मूलही त्याला अपवाद नसते, ही यातली खेदाची बाब.

पैशांची उदाहरणे देऊन गणित शिकवावे, हा सल्ला आपल्याकडे नवा नाही. मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले जात. कारण रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता आणि बाजारात पाव-पाऊण पटीचा हिशेब पदोपदी लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि या पाढ्यांचे प्रयोजन सरले. त्या शिक्षणाने तोंडी हिशेबात पारंगत पिढ्या घडवल्या, हे खरे. मात्र उत्तम हिशेब येणे आणि बीजगणिताची दृष्टी येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पैशांच्या उदाहरणांतून बीजगणित शिकवायचे असेल, तर कोणते उदाहरण घ्यायचे आणि त्याचे पुढे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

बाजारातले गणित आणि वर्गातले गणित

या प्रश्नावर भारतातच झालेले एक मोठे संशोधन २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी केली. यांपैकी जवळजवळ सर्व मुले विक्री करताना गुंतागुंतीचे हिशेब बिनचूक करत होती. तितकेच किंवा त्याहून सोपे गणित शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत मांडून दिले, की मात्र ती अडखळत. शेजारच्या शाळांतील, विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांचे चित्र नेमके उलटे होते. साधी आकडेमोड त्यांना अधिक जमत होती. परंतु बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांनी सोडवला, तो या मुलांपैकी केवळ एक टक्का मुलांना सुटला.

यापूर्वी १९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे शहरातही असेच निरीक्षण नोंदले गेले होते. टेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना आधी गिऱ्हाईक म्हणून प्रश्न विचारले आणि नंतर तेच हिशेब कागदावर दिले. प्रत्यक्ष विक्रीत ९८.२ टक्के उत्तरे बरोबर आली. कागदावरील निव्वळ आकडेमोडीत हे प्रमाण ३६.८ टक्क्यांवर घसरले. पाच मुलांचा नमुना लहान होता, म्हणून त्यावरून फार मोठे अनुमान काढता आले नसते. चाळीस वर्षांनंतर भारतात झालेल्या पाहणीने त्याच निरीक्षणाला भक्कम आधार दिला.

या निष्कर्षांचा अर्थ दुहेरी आहे. बाजारात वावरल्याने वर्गातले गणित आपोआप येत नाही आणि वर्गात शिकल्याने बाजारातला हिशेब आपोआप सुटत नाही. दोन्हींमधली वाट कोणीतरी मुद्दाम बांधून द्यावी लागते. ‘मूल घरी पैसे मोजते, म्हणजे त्याला हे कळेलच’ हा समज जितका चुकीचा, तितकाच ‘सूत्र पाठ झाले की व्यवहार जमेल’ हाही. अर्थात मुलांच्या बाजारी कौशल्याचे कौतुक हे बालमजुरीचे समर्थन ठरत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. शाळेची वेळ सांभाळून घरच्या उद्योगाला हातभार लावण्यास त्यात सूट आहे. मुद्दा एवढाच की, मूल घरून जे ज्ञान घेऊन येते, त्याकडे शाळेने पाठ फिरवू नये.

बेरीज नव्हे, निवड

पाठ्यपुस्तकातील पैशांची उदाहरणे बहुधा एकाच साच्याची असतात. एका साडीमागे १२ रुपये मिळतात, तर ३० साड्यांचे किती? हा गुणाकार झाला. सगळे आकडे दिलेले आहेत आणि अज्ञात असे काहीच उरलेले नाही. असे शंभर प्रश्न सोडवले तरी बीजगणिताची गरज भासत नाही.

आता हाच व्यवहार निर्णयाच्या रूपात मांडून पाहावा. समजा, एक व्यापारी साडीमागे १२ रुपये देतो आणि गठ्ठा स्वतः घरी पोहोचवतो. दुसरा व्यापारी साडीमागे १५ रुपये देतो. परंतु माल आणण्या-नेण्यासाठी दर खेपेला रिक्षाचे ६० रुपये पदरचे घालावे लागतात. काम कोणाचे घ्यावे?

या प्रश्नाला ताबडतोब देता येईल असे उत्तर नाही. किती साड्या होणार, यावर ते अवलंबून आहे. १० साड्या झाल्या तर पहिल्याकडून १२० रुपये मिळतात, दुसऱ्याकडून ९०. ३० झाल्या तर पहिल्याकडून ३६० आणि दुसऱ्याकडून ३९०. म्हणजे मधे कोठेतरी पारडे फिरते. ते नेमके कोठे फिरते, हे शोधण्याची गरज मुलाला येथे स्वतःहून जाणवते आणि अज्ञात संख्या या क्षणी प्रथम अर्थपूर्ण होते. एकूण रक्कम विचारणारा प्रश्न अंकगणितात संपतो. ‘कोणते बरे, आणि केव्हा?’ हा प्रश्न मुलाला बीजगणिताच्या दारात आणून सोडतो.

मुलाचे तोंडी उत्तर बहुधा असे असेल: ‘दुसरा साडीमागे तीन रुपये जास्त देतो. रिक्षाचे साठ निघायला वीस साड्या लागतील. विसाच्या वर जात असेल, तर दुसरा परवडतो.’ शिक्षकाने या वाक्यांत काहीही सुधारू नये. प्रत्येक वाक्यासमोर त्याचे गणिती रूप तेवढे लिहावे. पहिल्याकडची कमाई १२न. दुसऱ्याकडची कमाई १५न − ६०. दोन्ही समान असतील तेव्हा १२न = १५न − ६०. ‘साडीमागे तीन रुपये जास्त’ या शब्दांत मुलाने दोन्ही बाजूंतून १२न वजा केलेच आहेत; ‘साठ निघायला’ या शब्दांत ३न = ६० हे समीकरण आहेच; आणि ‘वीस साड्या’ हे त्याचे उत्तर आहे. मुलाने समीकरण सोडवले आहे, फक्त त्याची लिपी त्याला ठाऊक नव्हती. ती लिपी शिकवणे म्हणजेच दोन तीरांमधला पूल बांधणे होय.

खानदेशातला जुना प्रश्न

ज्या जळगाव जिल्ह्यातून यांतली कित्येक कुटुंबे सुरतेला आली, त्याच जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण हे स्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापल्याचे सांगणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक प्रश्न आहे. एका माणसाकडे ३०० नाणी आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याकडे तशाच किमतीचे १० घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० नाण्यांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती सारखीच असेल, तर एका घोड्याची किंमत किती?

आजच्या लेखनात मांडले, तर ३०० + ६क = १०क − १००. दुसऱ्याकडे चार घोडे अधिक आहेत आणि तेवढ्यानेच ४०० नाण्यांची तफावत भरून निघते. म्हणून एका घोड्याची किंमत १०० नाणी. साड्यांचा प्रश्न आणि घोड्यांचा प्रश्न यांची घडण एकच आहे: दोन स्थिती, प्रत्येकीत एक ठरावीक रक्कम, एक नगावर वाढणारी रक्कम आणि दोहोंची समानता. अज्ञात राशीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात, म्हणजे ‘जितके असेल तितके’. एकाहून अधिक अज्ञात असल्यास कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे येतात आणि त्यांची आद्याक्षरे लिहिली जातात. अक्षराने संख्येची जागा घ्यावी, ही कल्पना मराठी मुलाला परकी वाटण्याचे कारण नाही. ती या भूमीत आठशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे.

अक्षर कशासाठी उभे आहे?

तरीही अक्षर वापरताना एक खाचखळगा हमखास लागतो. साड्यांचा प्रश्न आहे म्हणून शिक्षक ‘स’ हे अक्षर घेतात आणि मूल ‘१२स’ याचा अर्थ ‘बारा साड्या’ असा लावते. प्रत्यक्षात ‘स’ ही साडी नाही, साड्यांची संख्या आहे. ‘१२स’ म्हणजे साडीमागे १२ रुपयांनी मिळालेले एकूण रुपये. वस्तू आणि वस्तूंची संख्या यांतली ही गफलत वरवर क्षुल्लक दिसते, पण ती दीर्घकाळ टिकते. अमेरिकेत जॉन क्लेमेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारले होते: एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, तर हे समीकरणात लिहा. एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांचे समीकरण चुकले आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी सहाचा गुणक नेमका चुकीच्या बाजूला दिला. ‘सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक’ हे शब्द वाचले त्याच क्रमाने त्यांनी चिन्हांत उतरवून काढले होते.

पैशांच्या व्यवहारात ही चूक पकडण्याची सोय असते, कारण प्रत्येक पद रुपयांत आहे की नगांत, हे विचारता येते. १५न हे रुपये आहेत, ६० हेही रुपये आहेत, म्हणून त्यांची वजाबाकी होऊ शकते. न हे नग आहेत. नगांतून रुपये वजा करता येत नाहीत. ‘हे काय मोजते आहे?’ हा एक प्रश्न वर्गात सतत विचारला, तर अक्षराभोवतीचे धुके बरेच विरळ होते.

‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ

दुसरा अडथळा समानतेच्या चिन्हाचा. दुकानी हिशेबाची सवय असलेले मूल कागदावर असे लिहिते: १५ × ३० = ४५० − ६० = ३९०. उत्तर योग्य आहे, लेखन मात्र असत्य आहे. कारण १५ × ३० हे ३९० नव्हेत. मुलाच्या लेखी हे चिन्ह ‘आता उत्तर येते’ एवढेच सांगते. कॅल्क्युलेटरचे बटणही तेच शिकवते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिली ते सहावीच्या मुलांना ८ + ४ = ▢ + ५ या चौकटीत काय येईल, असे विचारले होते. ७ हे उत्तर देणारी मुले दहा टक्क्यांहून कमी होती. बहुतेकांनी १२ किंवा १७ लिहिले.

‘बरोबर’ म्हणजे ‘दोन्हीकडे सारखे’ हा अर्थ रुजवण्यास सुट्या पैशांइतके सोपे साधन नाही. शंभराची एक नोट आणि पन्नासाच्या दोन नोटा यांची अदलाबदल होते, कारण मूल्य सारखे आहे. दोघांच्या बटव्यांत समान रक्कम असेल आणि दोघांनी वीस-वीस रुपये खर्च केले, तर उरलेली रक्कमही समानच राहते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच क्रिया करण्याचा नियम येथे पाठ करावा लागत नाही. तो न्याय्य वाटणीच्या जाणिवेतूनच पटतो.

धन आणि ऋण

ऋण संख्यांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याच्या हाती भाषेनेच किल्ली दिली आहे. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे देणे. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या क्रियांचे नियम मांडले, तेव्हापासून हे शब्द गणितात रूढ आहेत. पण वर्गात ‘धन चिन्ह’, ‘ऋण चिन्ह’ असे यांत्रिकपणे उच्चारता उच्चारता शब्दांचा मूळ अर्थ विसरला जातो.

मजुरीवर जगणाऱ्या वस्तीत ‘उचल’ हा शब्द मुलांना अपरिचित नसतो. समजा, घरातल्या बाईने व्यापाऱ्याकडून ५०० रुपये उचल घेतली आहे. तिचे खाते −५०० वर आहे. साडीमागे १२ रुपयांनी काम केले, तर खाते शून्यावर केव्हा येईल? −५०० + १२न = ०. भागाकार केला, तर ४१.६६… असे उत्तर येते. परंतु साडीचा अंश कोणी पूर्ण करत नाही. ४१ साड्यांनी ८ रुपये देणे उरते आणि ४२ व्या साडीने ४ रुपये हाती येतात. समीकरणाचे उत्तर आणि व्यवहाराचे उत्तर यांतला हा फरक ओळखणे, हीदेखील गणिताचीच समज आहे. आणि व्यापाऱ्याने ३०० रुपयांची उचल माफ केली, तर? देणे काढून टाकले म्हणजे तेवढी रक्कम मिळाल्यासारखेच झाले: −५०० − (−३००) = −२००. ‘दोन वजा मिळून अधिक’ हा नियम जादूसारखा न भासता येथे स्वाभाविक वाटतो.

दुप्पट नेहमी चालत नाही

त्रैराशिक शिकलेल्या मुलाला सगळीकडे प्रमाण दिसू लागते: एकाला इतके, तर दोघांना दुप्पट. उत्तरायणाच्या आधी सुरतेच्या रस्त्यांकडेला मांजा रंगवणारे कारागीर बसतात आणि दोरा वारावर मोजून देतात. समजा, रिकामी फिरकी ८० रुपयांना आणि १,००० वार दोऱ्याला ५० रुपये. २,००० वारांची भरलेली फिरकी १८० रुपयांना पडेल. मग ४,००० वारांची? ३६० नव्हे, २८०. कारण फिरकी एकदाच घ्यायची आहे. ठरावीक खर्च आणि वाढता खर्च वेगळा करणे, हाच ८० + ५०न या राशीचा आशय आहे.

या ठिकाणी मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील कामाचा उल्लेख उचित ठरेल. राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी अंकगणिताकडून बीजगणिताकडे नेताना ‘पद’ या संकल्पनेवर भर देणारी अध्यापनपद्धती विकसित केली. राशीकडे नुसती डावीकडून उजवीकडे करायची आकडेमोड म्हणून न पाहता, ती कोणकोणत्या पदांची बनली आहे हे आधी पाहायला मुलांना शिकवायचे. ८० + ५० × ४ मध्ये दोन पदे आहेत, एक फिरकीचे आणि एक दोऱ्याचे. हे दिसले की ८० आणि ५० आधी मिळवून त्यांना चाराने गुणण्याची चूक होत नाही. पैशांचे उदाहरण येथे पदांना नाव देते, आणि नाव मिळालेले पद सहसा हरवत नाही.

हप्त्याचा प्रश्न

या साऱ्याची खरी कसोटी कर्जाच्या हप्त्यापाशी लागते. ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाविषयीच्या ‘असर २०२३’ अहवालात याची झलक दिसते. किमान वजाबाकी येणाऱ्या तरुणांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना दिलेल्या रकमेत खर्च बसवणे जमले. सवलत वजा करून किंमत काढणे सुमारे ३७ टक्क्यांना जमले. कर्जफेडीची रक्कम मात्र केवळ दहा टक्क्यांच्या आसपास तरुणांना काढता आली. बेरीज-वजाबाकीकडून टक्केवारीकडे आणि तेथून कालानुरूप बदलणाऱ्या राशीकडे जाताना पाय कोठे डळमळतात, ते या तीन आकड्यांत दिसते.

एक उदाहरण पाहू. १२,००० रुपयांचे कर्ज बारा महिन्यांत फेडायचे आहे. पहिला सावकार म्हणतो, दरमहा २ टक्के ‘फ्लॅट’. म्हणजे व्याज अखेरपर्यंत मूळ १२,००० रुपयांवर. दरमहा २४० याप्रमाणे वर्षाचे व्याज २,८८० रुपये. दुसरीकडे दर ३ टक्के आहे, पण तो घटत्या मुद्दलावर. म्हणजे दरमहा १,००० रुपये मुद्दल फिटेल आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागेल. ऐकणाऱ्याला ३ टक्के महाग वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या महिन्याचे व्याज ३६०, दुसऱ्याचे ३३०, असे उतरत जाऊन शेवटच्या महिन्याचे ३०. पहिला आणि शेवटचा महिना मिळून ३९०, दुसरा आणि अकरावा मिळूनही ३९०. अशा सहा जोड्यांचे २,३४० रुपये. ३ टक्क्यांचे कर्ज २ टक्क्यांच्या कर्जाहून ५४० रुपयांनी स्वस्त पडले.

पुढचा प्रश्न खास बीजगणिताचा: पहिल्या सावकाराच्या २ टक्क्यांची बरोबरी करणारा घटत्या मुद्दलावरचा दर कोणता? दर महिन्याला एक टक्का म्हटला, तर वर्षाचे व्याज ७८० रुपये होते. म्हणून ७८०द = २,८८०, आणि द सुमारे ३.७. ‘दोन टक्के’ या सौम्य शब्दांआड जवळजवळ पावणेचार टक्के दडलेले होते. नगावर कमावणाऱ्या घरात ५४० रुपये म्हणजे साडीमागे १२ रुपयांनी केलेल्या ४५ साड्यांची मजुरी. बीजगणित हे शाळेपुरते प्रकरण नाही, हे समजण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

पथ्ये

पैशांच्या आधारे शिकवताना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले म्हणजे, मुलांना घरची कमाई, कर्ज वा उचल वर्गात विचारू नये. आकडे कल्पित असावेत आणि व्यापारीही कल्पित. घरची तंगी फळ्यावर मांडली गेली, तर मूल गणितापासून अधिकच दुरावेल. दुसरे म्हणजे, स्वस्त तेच योग्य असे शिकवू नये. दुसरा व्यापारी तीन रुपये अधिक देतो, पण पैसे वेळेवर देतो का? वीस साड्या एका खेपेत होतात का? समीकरण निर्णयाला मदत करते. ते निर्णयाची जागा घेत नाही.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. उदाहरण पैशांपाशीच संपू नये. १५न − ६० ही राशी रुपयांत पक्की झाली, की तीच राशी दुसऱ्या गोष्टीसाठी वापरायला सांगावी. एखाद्या टाकीत मिनिटाला १५ लिटर पाणी पडते आणि आरंभी ६० लिटर दुसरीकडे वळवलेले आहे, असे काही. शेवटी कोणतीही गोष्ट न सांगता नुसती राशी समोर ठेवावी आणि मुलांनी तिला आपापली गोष्ट जोडावी. कोलकाता-दिल्लीच्या पाहणीतील मुले नेमकी या शेवटच्या पायरीवर अडली होती. म्हणून या पायरीला तास द्यायला हवा, तिला घाईत ओलांडून चालणार नाही.

हे सारे करण्यासाठी वेगळे पाठ्यपुस्तक लागत नाही, प्रयोगशाळाही लागत नाही. गोव्यातल्या शाळांनाही हे सहज करता येईल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ नगावर घ्यावेत की शेकड्यावर, चतुर्थीच्या खरेदीसाठी जवळचे महाग दुकान बरे की बसभाडे भरून गाठलेले दूरचे स्वस्त, मासिक पास किती फेऱ्यांनंतर परवडतो, हे प्रश्न येथल्या घरांत रोजच बोलले जातात. शिक्षकाने त्यांतला एक प्रश्न उचलावा, मुलांना तोंडी वाद घालू द्यावा, त्यांचीच वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचे समीकरण मांडावे. नफा-तोटा, शतमान, सरळव्याज आणि समीकरणे ही प्रकरणे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असली, तरी त्या फळ्यावर ती एकत्र येतील आणि ज्या मुलाने कधी हात वर केला नव्हता, त्यालाही सांगण्यासारखे काही असेल.